शिडाची क्रूझिंग नौका पारखण्याचा क्रम: आधी आकडे, मग कील, शेवटी वारा

नौका बघायला गेलेली माणसं बहुधा पायऱ्या उतरून थेट केबिनमध्ये शिरतात. बाकावर बसून बघतात, पलंगावर पाय ताणून बघतात, स्वयंपाकाच्या ओट्यावरून हात फिरवतात. मग वर येऊन डोलकाठीकडे एक नजर टाकतात आणि "मस्त आहे" म्हणतात. आकडे बघायचे ते सगळ्यात शेवटी, आणि तेही मन आधीच ठरलेलं असताना. त्यामुळे सोयीचे तेवढे दिसतात, गैरसोयीचे डोळ्यांआड होतात.

हा क्रम उलटा करायचा. खाली ३२ ते ४० फुटांची, एक डोलकाठी असलेली नौका धरली आहे. एखादं कुटुंब किंवा चार मित्र आठवडाभर ते महिनाभर राहू शकतील अशी. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. तिसरा टप्पा गाळून सहाव्याला गेलात, तर समुद्रावर नेमकं काय शोधायचं तेच कळणार नाही.

१. तयारी: आधी वजनाची यादी

नौकेच्या माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या नौकेचं असतं. तुम्ही मात्र रिकामी नौका कधीच चालवणार नाही. म्हणून एकही नौका बघण्याआधी, आपण तिच्यावर काय काय चढवणार ते किलोत मांडा.

पाणी ३०० लिटर म्हणजे ३०० किलो. डिझेल १५० लिटर, सुमारे १२५ किलो. सामानासह चार माणसं, ३६० किलो. १० मिलिमीटरची नांगराची साखळी मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भरते. ६० मीटर साखळी आणि नांगर मिळून १५५ किलो झाले. फुगवायची छोटी होडी आणि तिचं इंजिन, ६० किलो. अन्न, भांडी, हत्यारं, सुटे भाग, जादा बॅटऱ्या आणि लाइफराफ्ट धरून आणखी २०० किलो सहज. एकूण १,२०० किलो. यात चैनीची एकही वस्तू नाही.

यादीशेजारी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. जायचं त्या बंदरांत पाणी किती खोल? बहुतेक प्रवास वाऱ्याविरुद्ध होणार की वाऱ्याबरोबर? रात्रीच्या पाळीला किती माणसं जागी असणार? माणसं दोनच असतील, तर एकट्याने रीफ घेता येणं म्हणजे एकट्याने शीड आखडता येणं, ही मुख्य अट ठरते. मग पलंग किती आहेत हा प्रश्न मागे पडतो.

२. आकडे गोळा करणं

हवेत एवढे: हलची, म्हणजे नौकेच्या धडाची, लांबी, पाण्याच्या रेषेवरची लांबी, रुंदी, पाण्याखालची खोली, विस्थापन म्हणजे नौकेचं वजन, बॅलास्टचं वजन (नौका सरळ ठेवण्यासाठी कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या पात्यात, भरलेलं शिसं किंवा लोखंड), आणि शिडांची चार मापं. ही मापं आय, जे, पी आणि ई या अक्षरांनी ओळखली जातात. आय म्हणजे डोलकाठीपुढच्या शिडाच्या त्रिकोणाची उंची, जे म्हणजे त्याचा पाया, पी म्हणजे मेनसेलची, अर्थात मुख्य शिडाची, डोलकाठीलगतची उंची आणि ई म्हणजे त्याची बूमवरची, म्हणजे खालच्या आडव्या दांड्यावरची, लांबी. स्थिरतेचा आलेख मिळाला तर तोही मागा. मिळाला नाही, तर का नाही ते विचारा.

सावधान: "एकूण लांबी"त पुढे आलेला नांगराचा दांडा आणि मागची पोहण्याची फळी कधी कधी धरलेली असते. वेगाच्या गणितात तिला काहीच किंमत नाही. तिथे पाण्याच्या रेषेवरची लांबीच चालते.

तपासा: विस्थापन कोणत्या अवस्थेतलं आहे, रिकामी, अर्धी भरलेली की पूर्ण भरलेली? दोन नौकांची तुलना करताना एकीचं रिकामं आणि दुसरीचं भरलेलं वजन घेण्याची चूक इतक्या जणांकडून होते की मी हल्ली समोरच्याचा तक्ता बघताना पहिला हाच रकाना बघतो.

३. गणित: एकदा रिकामी, एकदा भरलेली

उदाहरणासाठी एक कल्पित नौका घेऊ. हल १०.७ मीटर, पाण्याच्या रेषेवर ९ मीटर, रुंदी ३.५ मीटर, रिकामं वजन ६,००० किलो, बॅलास्ट २,२०० किलो. आय १४, जे ४.१, पी १२.२, ई ४ मीटर.

पहिलं गणित वेगाच्या मर्यादेचं. पाण्याच्या रेषेवरच्या मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढून २.४३ ने गुणा. इथे ३ गुणिले २.४३, म्हणजे ७.३ नॉट (ताशी सागरी मैल). नौका पुढे जाताना स्वतःचीच लाट उभी करते आणि वेगाबरोबर ती लाट लांबत जाते. लाट नौकेइतकी लांब झाली की नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, एका शिखरावर आणि पिछाडी दुसऱ्यावर येते. त्यापुढे वेग वाढवायचा तर स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं, आणि जड क्रूझरला ते झेपत नाही. मात्र ७.३ हा सरासरी वेग समजू नका. प्रवासाची आखणी ५ ते ५.५ नॉटवर करा, म्हणजे दिवसाला १२० ते १३० सागरी मैल.

दुसरं, वजन आणि लांबी यांचं गुणोत्तर. किलोतल्या वजनाला पाण्याच्या रेषेवरच्या लांबीच्या घनाने भागा आणि २७.८७ ने गुणा. आपली नौका रिकामी २२९, भरलेली २७५. ढोबळ मानाने २०० च्या खाली हलकी, २०० ते ३०० मध्यम, त्यावर जड. हलकी नौका हलक्या वाऱ्यातही पळते, पण सामान चढवलं की तिचाच स्वभाव सर्वांत जास्त बदलतो.

तिसरं गणित शीड आणि वजन यांचं. लोकांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते, म्हणून सावकाश करा.

शिडांचं क्षेत्रफळ स्वतः काढा. आय गुणिले जे भागिले दोन, २८.७. पी गुणिले ई भागिले दोन, २४.४. बेरीज ५३.१ चौरस मीटर. वजनाला १,०२५ ने भागलं की विस्थापित पाण्याचं आकारमान घनमीटरमध्ये मिळतं: ५.८५. त्याचं घनमूळ काढून वर्ग करा: ३.२५. आता ५३.१ भागिले ३.२५, म्हणजे १६.३. क्रूझरसाठी १५ ते १८ ही नेहमीची पट्टी, तेव्हा आकडा ठीक दिसतो.

आता माहितीपत्रक काय करतं बघा. पुढच्या त्रिकोणाऐवजी त्यात मोठं, डोलकाठीच्या मागे जाणारं १४० टक्क्यांचं जेनोआ धरलेलं असतं, सुमारे ४० चौरस मीटर. तीच नौका, तेच वजन, पण गुणोत्तर जवळपास २०. एकदम शर्यतीची नौका! आणि तुमचं १,२०० किलो सामान चढवून, खऱ्या त्रिकोणाने मोजलं तर? १४.५. हलक्या वाऱ्यात इंजिन लावावं लागणारी नौका. एकाच हलचे २०, १६ आणि साडेचौदा असे तीन आकडे निघतात, आणि तिघांपैकी खोटा एकही नाही. तुलनेसाठी तिसराच वापरायचा.

बॅलास्टचं गुणोत्तर सोपं आहे. २,२०० भागिले ६,०००, म्हणजे ३७ टक्के, आणि भरल्यावर ३१. मात्र टक्केवारी एकटी काही सांगत नाही. ते शिसं किंवा लोखंड किती खोल आहे ते सोबत बघा. १.९ मीटर खोल कीलच्या टोकाशी गोळा असेल, तर तेवढंच वजन १.५ मीटरच्या सरळ कीलपेक्षा जास्त काम करतं.

शेवटी उलटण्याचं सूत्र. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळाने १५ खलाशांचा जीव घेतला. त्यानंतरच्या अभ्यासातून ते पुढे आलं. रुंदीला विस्थापित पाण्याच्या घनमुळाने भागा, उत्तर २ च्या खाली हवं. आपली नौका १.९४. आता भरलेल्या वजनाने करून बघा, १.८३ येतं. म्हणजे सामान चढवल्यावर नौका जास्त सुरक्षित झाली? तेच १,२०० किलो डेकवर बांधलं तरी सूत्र १.८३ च सांगेल, कारण वजन वर आहे की खाली हे त्याला कळतच नाही. म्हणून हा आकडा फक्त चाळणीसारखा वापरा. २ च्या बराच वर गेला, तर प्रश्न विचारा. खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

निर्धास्त व्हायचं असेल, तर स्थिरतेचा आलेख हवा. नौका किती अंशांपर्यंत कलंडली तरी आपणहून सरळ होते, हे त्यात दिसतं. खुल्या समुद्रासाठी १२० अंश किंवा त्याहून जास्त ही रूढ अपेक्षा. डोलकाठीच्या आत गुंडाळणारं मेनसेल आणि वर बसवलेलं रडार हा कोन कमी करतात. आलेख त्या वस्तूंसह काढला आहे का, तेही विचारा.

सावधान: युरोपीय वर्गवारीतला "ए" म्हणजे ब्यूफर्ट मापनावरच्या ८ फोर्सपेक्षा जास्त वारा आणि ४ मीटरपेक्षा जास्त लक्षणीय लाट (सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी), "बी" म्हणजे तिथपर्यंत. ही किमान पात्रता आहे. नौका वाऱ्याकडे किती चढते, म्हणजे वारा येतो त्या दिशेला किती जवळून जाते, किंवा आत माणूस किती ओकतो, याबद्दल ती काही बोलत नाही. शिवाय पाटी नीट वाचा: तीच नौका सहा माणसांसाठी ए आणि आठ माणसांसाठी बी असू शकते.

तपासा: एखादं उत्तर विचित्र आलं, तर बहुतेक वेळा मीटरच्या सूत्रात फूट घातलेले असतात.

४. पाण्याबाहेर: हल, कील, सुकाणू

शक्य असेल तर नौका जमिनीवर असताना बघा. समोर उभे राहून नाळेकडचा तळ बघा. तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल असेल तर लाटेत मऊ उतरेल. सपाट असेल तर वाऱ्याविरुद्ध जाताना धाडधाड आपटेल, आणि पुढच्या केबिनमध्ये झोप विसरा. मागे जाऊन पिछाडीची रुंदी बघा. रुंद पिछाडीत मागे दोन प्रशस्त केबिन बसतात, वाऱ्याबरोबर नौका सुसाट जाते. पण ती कलली की मागचा रुंद भाग उचलला जातो, नाळ खाली जाते आणि मधलं एकटं सुकाणू अर्धं पाण्याबाहेर येतं. अशा हलला दोन सुकाणू दिलेली असतील, तर आराखडा करणाऱ्याने विचार केला आहे असं समजा.

कीलचे प्रकार सांगत बसत नाही, कारण निवड पहिल्या टप्प्यातल्या खोलीच्या उत्तराने निम्मी झालेली असते. लांब कील सरळ रेषेत छान चालतं आणि रिव्हर्समध्ये ऐकत नाही. आखूड, खोल कील वाऱ्याकडे चढतं, चटकन वळतं. उथळ किंवा जुळं कील उथळ बंदरात आत नेतं आणि वाऱ्याकडे जाताना त्याची किंमत वसूल करतं.

सुकाणूचं पातं खालून दोन्ही हातांनी धरून हलवा. आधाराशिवाय लटकणारं पातं हलकं आणि चपळ असतं, पण खडखडाट ऐकू आला तर बेअरिंग झिजलं आहे. कील हलला जिथे जोडलं आहे, तिथे पुढच्या आणि मागच्या टोकाला बोट फिरवून भेग शोधा. नौका कधी तळाला आपटली असेल, तर बहुधा इथेच कळतं.

मग मान वर करा. डोलकाठीला धरणाऱ्या बाजूच्या तारा डेकवर कुठे रोवल्या आहेत? अगदी काठावर असतील तर केबिन मोकळी होते, पण पुढचं शीड आत ओढता येत नाही आणि नौका वाऱ्याला जवळ धरता येत नाही. काठापासून आत असतील तर ते जमतं. कील पुष्कळ चांगलं असूनही वाऱ्याकडे न चढणाऱ्या नौकेचं कारण कधी कधी एवढंच असतं.

५. धक्क्याला बांधलेली असताना

दोर सैल करा. काठावर उभं राहून, पाय बदलत, नौका हलक्या तालात डोलवा आणि सोडून द्या. दहा हेलकावे मोजा, वेळेला दहाने भागा. झटक्यात परतणारी नौका ताठ असते, पण लाटेत अंग मोडून काढते. आळसाने परतणारी मऊ वाटते आणि वाऱ्यात लवकर कलते. दोन नौकांची तुलना करताना टाक्या सारख्याच भरलेल्या हव्यात, नाहीतर मोजमाप फुकट.

मग कॉकपिटमध्ये चाकामागे उभे राहा. इथून पुढच्या शिडावरच्या वारा दाखवणाऱ्या दोऱ्या दिसतात का? चाक न सोडता मेनसेलच्या दोराला हात पोहोचतो का? प्रत्येक विंचचा, म्हणजे दोर ओढायच्या चरकाचा, दांडा पूर्ण गोल फिरवा. वाटेत रेलिंग किंवा छत लागत असेल, तर ते आता बघा. समोरच्या बाकावर पाय टेकवून बघा. नौका २० अंश कललेली असताना पाय टेकवायला काही नसलेलं ऐसपैस कॉकपिट म्हणजे घसरगुंडीच.

६. समुद्रावर: हाच क्रम ठेवा

१२ ते १५ नॉट वारा आदर्श. ६ नॉटमध्ये सगळ्या नौका गुणी वाटतात. एकदा मी अशाच मंद वाऱ्यात एका नौकेवर लट्टू झालो होतो. दुसऱ्या आठवड्यात १८ नॉटमध्ये पुन्हा गेलो, तेव्हा चाक धरून धरून खांदे भरून आले आणि वहीतली आधीची पानं खोडावी लागली.

इंजिन. आधी सरळ पुढे, मग थांबवून थांबायचं अंतर बघा. रिव्हर्स टाकल्यावर पिछाडी कोणत्या बाजूला सरकते ते लिहा. पुढे जाताना (मागून बघता) उजवीकडे फिरणारा पाण्यातला पंखा रिव्हर्समध्ये ती डावीकडे ढकलतो. धक्क्याला लागताना हीच बाजू सोयीची.

वाऱ्याकडे. जमेल तितकी जवळ धरा, नौका स्थिर झाल्यावर होकायंत्रावरची दिशा लिहा. टॅक घ्या, म्हणजे नाळ वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूला घ्या, पुन्हा स्थिर होऊ द्या, दिशा लिहा. शांत पाण्यात दोन्हींतला फरक ८० ते ९० अंश हवा. मग जीपीएसवरच्या मार्गाचा फरक बघा. तो बहुधा जास्त असतो, कारण त्यात नौकेचं आडोशाकडे, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, सरकणं आणि प्रवाहही येतो. होकायंत्रावर ८५ आणि जीपीएसवर ११० आला, प्रवाहही नाही, तर नौका नाळ वर धरून आडवी घसरते आहे. अशा वेळी मागे वळून पाण्यातली रेषा बघा. ती पिछाडीच्या मधोमध सरळ न जाता वाऱ्याकडे तिरकी दिसेल.

सुकाणूचा तोल. चाक मधोमध असताना त्याच्या वरच्या बिंदूला रंगीत टेप गुंडाळा. वाऱ्याकडे जाताना टेप किती सरकते बघा. सुकाणू ३ ते ५ अंश वळवावं लागतं, इतपत वेदर हेल्म, म्हणजे नौकेची वाऱ्याकडे वळायची ओढ, चांगलं. चाक सोडलं तर नौका आपणहून वाऱ्याकडे वळून थांबते. १० अंशांच्या पुढे सुकाणू ब्रेकसारखं वागतं. पण घाईने नौकेला दोष देऊ नका. आधी मेनसेलचा ट्रॅव्हलर (त्याचा दोर जिच्यावर आडवा सरकतो ती पट्टी-गाडी) खाली सोडा, मग पहिला रीफ घ्या. तेवढ्याने तोल आला, तर दोष शीड जास्त ठेवण्याचा होता.

कल. २० ते २५ अंशांवर नौका स्थिर व्हावी. झुळूक जोरात आली की ती हळूहळू दबते की अचानक सुकाणू सुटून भर्रकन वाऱ्याकडे फिरते? दुसरं दिसलं, तर चौथ्या टप्प्यातली पिछाडी आठवा.

आता एकाला खाली पाठवा, दहा मिनिटं. ही चाचणी जवळपास कुणीच करत नाही. एका हाताने धरायला जागोजागी काही आहे का? शौचालयात आडोशाच्या बाजूला बसता येतं का? स्वयंपाकाच्या मोरीतून समुद्राचं पाणी उलटं वर येत नाही ना? कपाटाची दारं उघडतात का? मग दुसऱ्या टॅकवर पुन्हा. डाव्या टॅकवर अगदी शहाणं वागणारं स्वयंपाकघर उजव्या टॅकवर भांडी अंगावर फेकतं.

रीफ. घड्याळ लावून घ्या. सरावलेल्या दोघांना पाच मिनिटांहून जास्त लागली, तर कुठे अडलं ते लिहा: दोर अडकला, विंच लांब, की डोलकाठीपर्यंत जावं लागलं.

हीव्ह-टू, म्हणजे शिडं असतानाच नौका जवळपास थांबवून ठेवणं. टॅक घ्या, पण पुढच्या शिडाचा दोर सोडू नका. शीड उलटं भरेल, मग चाक पूर्ण वाऱ्याकडे फिरवून बांधा. नौका वाऱ्याशी ४० ते ६० अंशांवर शांत पडून एक-दोन नॉटने सरकली पाहिजे. आखूड कीलच्या नौका इथे हट्ट करतात, पुढेच जात राहतात. पुढचं शीड आणखी गुंडाळून दोन-तीनदा प्रयत्न करा. वादळात चहा करायला किंवा जखम बांधायला हीच अवस्था लागते.

वाऱ्याबरोबर हे शेवटी. याला कारण आहे. खरा वारा १५ नॉट असताना ६ नॉटने वाऱ्याकडे गेलात तर अंगावर जवळपास २० नॉट येतो, वाऱ्याबरोबर फक्त ९. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे फरक जवळजवळ पाचपट. आधी वाऱ्याबरोबर गेलं की सगळ्यांना ऊब, शांतता, हसणं, आणि नौका आवडून जाते. परत फिरताना खरं रूप कळतं, तोवर वेळ संपलेली असते.

सावधान: वाऱ्याबरोबर जाताना बूमला पुढून दोर बांधल्याशिवाय कुणालाही डेकवर चालू देऊ नका. नकळत झालेला जाइब, म्हणजे मागचा वारा मेनसेलच्या दुसऱ्या बाजूला जाणं, बूमला डोक्याच्या उंचीवरून सपकन फिरवतो.

७. परतल्यावर

धक्क्याला लागताच, कपडे बदलण्याआधी, वही भरा. तिसऱ्या टप्प्यातल्या आकड्यांपुढे समुद्रावरची निरीक्षणं लिहा आणि जुळत नाहीत तिथे वर्तुळ करा. गुणोत्तर १६ असूनही नौका हलक्या वाऱ्यात रेंगाळली, तर शिडं ताणून थकलेली आहेत, तळाला शेवाळ-कालवं आहेत, किंवा ती आधीच सामानाने भरलेली आहे. तिसरी शंका पाण्याच्या रेषेवरून फिटते. या आकाराच्या नौकेवर साधारण १८५ किलो चढवले की ती एक सेंटिमीटर खाली बसते. १,२०० किलोंनी सहा-साडेसहा. रंगवलेल्या पट्टीवरून मोजा. दहा सेंटिमीटर बुडालेली दिसली, तर मालकाला बाकांखालचे कप्पे उघडायला सांगा.